नडगी

डाव्या नडगीवर, घोट्यापासून वीतभर वर, बोटाच्या पेराएवढी एक जागा आहे. तिनं मला दोनदा थांबवलं.

पहिल्यांदा सातवीत. कोयनानगरच्या वसाहतीत पावसाळाभर आम्ही व्हरांड्यात लंगडी खेळायचो आणि पाऊस उघडला की हेळवाकच्या रस्त्यानं पळत सुटायचो. तालुक्याच्या स्पर्धेला माझं नाव गेलं तेव्हा नडगी आठवडाभर दुखत होती. आई रात्री निर्गुडीच्या पाल्यानं शेकायची. "पळून पळून मोकळी होईल," असं एका मोठ्या माणसानं सांगितलं. मी पळाले. शेवटचा फेरा लंगडत पुरा केला आणि त्यानंतर पंचवीस वर्षं पळालेच नाही. त्या सल्ल्याचा राग मला अजून येतो.

दुसरी वेळ 2025 च्या पावसाळ्यातली. सातारा हिल हाफ मॅरेथॉनला नाव दिलं होतं. यवतेश्वरचा घाट चढायचा, तसाच उतरायचा, एकूण 21 किलोमीटर. आमच्याकडे जुलैत कोरडा दिवस मिळत नाही. म्हणून पाऊस जरा ओसरला की बुडालेलं सगळं अंतर भरून काढायचं, असं मी ठरवलं. आठवड्याला 20 किलोमीटर पळत होते, तिसऱ्या आठवड्यात 40 केले, वर घाटाचा चढ-उतार. आधी नडगीची आतली कड सगळीच दुखायची, अंग तापलं की राहायची. मग दुखणं आवळत आवळत त्या जुन्या पेराएवढ्या जागेवर आलं आणि रात्री अंथरुणातही ठणकू लागलं. कराडला एक्स-रे काढला, स्वच्छ आला. त्या आनंदात आणखी चार दिवस पळाले. शेवटी एमआरआयमध्ये हाडाला गेलेली बारीक चीर दिसली.

अशी चीर पहिले दोन-तीन आठवडे एक्स-रेत बहुधा दिसतच नाही. वाढता भार सोसण्यासाठी हाड आधी स्वतःचा थोडा भाग पोखरून काढतं आणि मग तिथं नवं भरतं. पोखरणं लवकर होतं, भरायला आठवडे लागतात. मधल्या दिवसांत ते पहिल्यापेक्षा कच्चं असतं, आणि नेमक्या त्याच दिवसांत मी अंतर दुप्पट केलं होतं.

सहा आठवडे पळणं बंद. पाय उशीवर ठेवून घरी आमच्या अण्णांशेजारी बसायचे. अण्णा कोयना धरणावर कामाला होते. 11 डिसेंबर 1967 च्या पहाटे भूकंपानं वसाहत कोसळली, सुमारे 180 माणसं गेली, तेव्हा ते वीस वर्षांचे. धरण उभं राहिलं, पण त्याच्या उंच भागांना, जिथं खालच्या अंगाचा उतार बदलतो तिथं, चिरा गेल्या. पुढं मागच्या बाजूनं काँक्रीटचे टेकू उभारून ते भाग बळकट केले. इथले धक्के त्यानंतरही थांबले नाहीत. मांडणीवरची भांडी वाजली की आम्ही पोरं अंथरुणातूनच एकमेकांना हाका मारायचो. धरणाच्या शिवसागर जलाशयात पाणी किती चढतं, किती दिवस टिकतं आणि किती झपाट्यानं चढतं, या तिन्हींचा भूकंपांशी संबंध शास्त्रज्ञांनी इथल्याच नोंदींवरून दाखवला आहे. मी तो अण्णांना वाचून दाखवला. ते म्हणाले, "पोरी, तू तीन आठवड्यांत सगळं धरण भरायला निघालीस."

2025 च्या त्याच जुलैत मोनॅकोच्या शर्यतीत पाण्याच्या अडथळ्यावर अविनाश साबळे पडला. बीडच्या मांडव्याचा हा मुलगा, 3000 मीटर स्टीपलचेसमध्ये 8 मिनिटं 9.91 सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम त्याच्या नावावर. गुडघ्याचा अस्थिबंध तुटला, शस्त्रक्रिया झाली, हंगाम संपला. त्याची दुखापत माझ्याहून कितीतरी मोठी. पण ती बातमी वाचल्यावर मला माझ्या सहा आठवड्यांची लाज वाटेनाशी झाली.

सप्टेंबरातली शर्यत माझ्याविना झाली. त्या सकाळी मी नेहरू उद्यानापर्यंत चालत गेले आणि चालतच परत आले. पुढं दोन मिनिटं पळणं, तीन मिनिटं चालणं, असं सुरू केलं. अंतर वाढवायच्या आधी त्या जागेवर बोट दाबून बघते. दुखलं तर तो दिवस चालण्याचा.

मी आता शाळेत शिकवते. स्पर्धांचे दिवस आले की सहकाऱ्यांना एक विनंती करते, तीच तुम्हालाही: एखादी मुलगी नडगीवर एका जागी बोट ठेवून "इथंच दुखतंय" म्हणाली, तर तिला त्या दिवशी पळवू नका.