ॲलन फील्डहाउसमधले दोन हिवाळे

'फॅन' या शब्दाला मराठीत नेमका प्रतिशब्द नाही. 'चाहता' फिका पडतो. 'भक्त' या शब्दाची गेल्या काही वर्षांत जी गत झाली आहे ती पाहता तो चर्चेत न आणलेलाच बरा. 'रसिक' म्हणावे, तर त्यात एक अंतर गृहीत धरलेले असते. रसिक दाद देतो आणि टांग्यात बसून घरी जातो. कुस्तीच्या फडाभोवती बसणारा 'शौकीन' जरा जवळचा वाटतो, पण खरा शौकीन दोन्ही मल्लांच्या डावांना मान डोलावू शकतो. फॅनला ते जमत नाही. समोरच्या संघाने टाकलेला सुंदर बास्केट त्याला सुंदर दिसतो, आणि नेमका तेवढ्यासाठीच तो त्याला अधिक टोचतो.

आम्ही दोघे मराठीचे अध्यापक. रा. भा. पाटणकरांची 'सौंदर्यमीमांसा' एम.ए.ला घासून वाचलेली. लौकिकतावाद आणि अलौकिकतावाद या दोन ध्रुवांमध्ये वर्गावर्गांतून अनेक वर्षे येरझारा घातलेल्या. कलानुभवाचे व्यावहारिक हितसंबंधांशी काय नाते असावे, हा प्रश्न आम्ही परीक्षेत वीस गुणांना विचारत आलो आहोत. ऑगस्ट २०२३ ते फेब्रुवारी २०२५ या काळात मात्र अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यातील लॉरेन्स या गावी कॅन्सस विद्यापीठाच्या पुरुष बास्केटबॉल संघाचे सामने पाहताना आमच्यातली उरलीसुरली तटस्थता संपली.

याला कारण ताई. आमच्यापैकी एकीची थोरली बहीण गेली जवळजवळ तीस वर्षे त्या गावात आहे. तिच्या आजारपणामुळे आम्ही बिनपगारी रजा टाकून गेलो. तिच्या उपचारांच्या काळात गर्दीत बसणे तिला वर्ज्य होते, आणि तिच्या घरात वर्षानुवर्षे जपलेली दोन हंगामी तिकिटे होती. 'जागा रिकाम्या ठेवायच्या नाहीत,' एवढेच ती म्हणाली. आम्ही तिचे प्रतिनिधी म्हणून जाऊ लागलो. ती घरी रेडिओ ऐकत बसे. आम्ही परतलो की तिचे प्रश्न सुरू होत, आणि ते कधीच धावसंख्येविषयी नसत. ती तिला ठाऊकच असे. बाकावर बसलेला नवा मुलगा कोणाशी बोलत होता? चूक झाल्यावर प्रशिक्षक बिल सेल्फ यांनी अंगरखा काढून फेकला का नुसतेच खाली पाहिले? ढोल वाजवणारी पोरे या वर्षी कशी आहेत? या प्रश्नांची उत्तरे देता यावीत म्हणून आम्ही सामना पाहायला शिकलो. पाठ्यपुस्तकाच्या समासातल्या टिपा वाचायला शिकावे, तसे.

ॲलन फील्डहाउस १९५५ साली बांधून झाले. २०२४ पर्यंत आत सोळा हजार तीनशे माणसे मावत. बाहेरून पाहिले तर दगडी गोदाम वाटावे अशी इमारत. आत लाकडी तक्तपोशीचे मैदान आणि त्याच्या चारी बाजूंनी चढत गेलेली बाके, इतकी जवळ की पुढच्याच्या टोपीवर आपला श्वास पडतो. १३ फेब्रुवारी २०१७ रोजी येथे १३०.४ डेसिबल इतका आवाज मोजला गेला आणि गिनीजने तो बंदिस्त क्रीडागृहातला विक्रम म्हणून नोंदवला. फॉग ॲलन या ज्या प्रशिक्षकांचे नाव इमारतीला आहे, त्यांचे 'फॉग' हे टोपणनावही त्यांच्या भोंग्यासारख्या आवाजावरूनच पडले. पाहुण्यांना धाक घालणारा जो प्रसिद्ध फलक उंचावर टांगला जातो, तो मुळात १९८८ साली विद्यार्थ्यांनी वसतिगृहातल्या न्हाणीघरांचे पडदे काढून त्यांवर रंगवला होता, ही माहिती आम्हांला फारच आवडली. परंपरा बहुधा अशाच वस्तूंतून सुरू होतात.

इथे एक आठवण अपरिहार्य आहे. पुण्याच्या भरत नाट्य मंदिरात पुरुषोत्तम करंडकाच्या एकांकिका पाहिलेल्या कोणालाही 'अरे, आव्वाज कुणाऽऽचा' ही गर्जना विसरता येत नाही. आपल्या महाविद्यालयासाठी घसा बसेपर्यंत ओरडण्याचा आमच्या पिढीला ठाऊक असलेला तो बहुधा एकमेव प्रसंग. तोही नाटकासाठी! लॉरेन्समध्ये पहिल्या दिवशी आम्हांला तेच ऐकू आले. फरक इतकाच की इथे ओरडणाऱ्यांत वीस वर्षांच्या पोरांइतक्याच ऐंशी वर्षांच्या आज्या होत्या.

त्यांची 'रॉक चॉक' ही घोषणा एका रसायनशास्त्राच्या प्राध्यापकाने १८८६ साली रचली, म्हणजे खेळाचा शोध लागण्याच्याही आधी. सामन्याच्या अखेरीस विजय निश्चित झाला की ती अतिशय संथ लयीत म्हटली जाते. एरवी ढणाढणा चाललेल्या त्या जागेत ती भैरवीसारखी उतरते. विजय निश्चित नसेल तर ती म्हणायची नाही, हा संकेत काटेकोरपणे पाळला जातो. घोषणा सुरू होईना की ताईला घरबसल्या परिस्थिती कळत असे.

या गावाला खेळाचा जनकही लाभलेला आहे. जेम्स नेस्मिथ यांनी डिसेंबर १८९१ मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफील्ड येथे, वाय.एम.सी.ए.च्या प्रशिक्षण विद्यालयात हा खेळ रचला. हिवाळ्यात बंद खोलीत कोंडलेल्या आडदांड विद्यार्थ्यांना गुंतवून ठेवायचे होते. सज्जाच्या कठड्याची उंची दहा फूट होती म्हणून पीचच्या टोपल्या दहा फुटांवर ठोकल्या गेल्या. आजही बास्केट तेवढ्याच उंचीवर आहे. त्यांच्या मूळ तेरा नियमांची टंकलिखित दोन पाने २०१० साली लिलावात ४३ लाख डॉलरना विकली गेली आणि आता ती फील्डहाउसला लागून असलेल्या इमारतीत काचेमागे ठेवली आहेत. आम्ही ती अनेकदा वाचली. चेंडू हातात घेऊन धावायचे नाही, मुठीने मारायचा नाही, धक्का द्यायचा नाही. जवळजवळ सगळे नियम नकाराचे. धावण्याची मनाई आहे म्हणून चेंडू फेकावा लागतो. लक्ष्य डोक्यावर आहे म्हणून जोर निरुपयोगी ठरतो आणि कमान लागते. वृत्ताचे बंधन ओळीला जे करते तेच. मुक्तछंदवाद्यांनी रागावू नये.

नेस्मिथ १८९८ साली कॅन्ससला आले आणि १९३९ साली लॉरेन्समध्येच वारले. विद्यापीठाच्या संघाच्या सर्व प्रशिक्षकांत विजयांपेक्षा पराजय अधिक असलेले ते एकटेच आहेत : पंचावन्न विजय, साठ पराजय. हा खेळ खेळायचा असतो, शिकवायचा नसतो, असे ते शिष्य ॲलन यांना म्हणाल्याची आख्यायिका आहे. (तीस वर्षे कविता 'शिकवणाऱ्या' आमच्या एका ज्येष्ठ सहकाऱ्यांना आम्ही हे कळवले. उत्तर आले नाही.)

मराठी वाचकाला हा सगळा प्रकार परका वाटू नये. याच वाय.एम.सी.ए.ने आणि मिशनऱ्यांनी हा खेळ आपल्याकडे आणला. मराठी नियतकालिकांच्या इतिहासात १८४२ साली अहमदनगरला सुरू झालेला 'ज्ञानोदय' आपण शिकवतो. तो चालवणाऱ्या अमेरिकन मराठी मिशननेच १९२०च्या दशकात मुंबईत नागपाडा नेबरहूड हाउस उभे केले. नागपाड्याच्या गल्ल्यांत बास्केटबॉल असा रुजला की तिथून भारताचे कर्णधार अब्बास मुंतसिर घडले, ज्यांना १९७० साली अर्जुन पुरस्कार मिळाला. मराठी गद्य आणि नागपाड्याचा बास्केटबॉल यांच्यामागे एकच मिशन असावे, ही गोष्ट आम्हांला कळायला कॅन्ससला जावे लागले. असो.

आमची भाची विद्यापीठात शिकते. विद्यार्थ्यांना बसायच्या जागा ठरलेल्या नसतात. त्या मिळवाव्या लागतात. त्यासाठी गट करून फील्डहाउसच्या मार्गिकांमध्ये दिवसदिवस ठिय्या देतात. अचानक हजेरी होते. गटातला एकही जण हजर नसेल तर गटाचे नाव खोडले जाते. आम्ही डबा घेऊन जात असू तेव्हा ही पोरे फरशीवर बसून सेंद्रिय रसायनशास्त्र करत असत. 'मावशी, तुमच्याकडे पण अशी हजेरी घ्यायला हवी ना?' भाचीने विचारले. आमच्याकडे बोटाच्या ठशाने हजेरी होते आणि तरीही वर्ग रिकामे असतात, हे तिला समजावून सांगणे अवघड होते.

अर्थात या भक्तीच्या मुळाशी काय आहे, हे न पाहता आनंद लुटणे आम्हांला शक्य नव्हते. प्रेक्षागृहात बहुसंख्य गोरी माणसे, मैदानावर बहुसंख्य काळी मुले. प्रशिक्षकाचे वेतन विद्यापीठातल्या प्राध्यापकांच्या कितीतरी पट. (आमच्यातल्या एकाने नऊ वर्षे तासिका तत्त्वावर काढली आहेत, तो आकडा वाचून आम्ही हसलो, दुसरे काय करणार?) आणि ज्यांच्यासाठी तिकिटे विकली जात ते खेळाडू २०२१ पर्यंत स्वतःच्या नावावर आणि छबीवर एक डॉलर कमावू शकत नव्हते. १ जुलै २०२१ पासून ती मुभा मिळाली. जून २०२५ मधल्या न्यायालयीन तडजोडीनंतर विद्यापीठेही खेळाडूंना थेट पैसे देऊ लागली. जुने चाहते हळहळतात की निर्मळ हौशी खेळ संपला. आम्हांला ही हळहळ पटली नाही. निर्मळपणाची किंमत एकाच बाजूने चुकवली जात होती. पैसा आडवाटेने वाहतच होता : पादत्राणांच्या कंपनीशी निगडित एका प्रकरणात ऑक्टोबर २०२३ मध्ये कॅन्ससचे २०१७-१८ हंगामातले पंधरा विजय नोंदींतून रद्द झाले, २०१८च्या अंतिम चौघांत पोचल्याचा मान गेला, छताचा झेंडा उतरला. 'पण मी पाहिलेत ते सामने,' ताई म्हणाली. या युक्तिवादाला उत्तर नाही.

नव्या व्यवस्थेत खेळाडू दरवर्षी विद्यापीठ बदलू शकतात, त्यामुळे संघ दर हंगामात अनोळखी होतो. शेजारच्या बाकावरचे एक आजोबा म्हणत, मी आता नुसत्या सदऱ्यावर प्रेम करतो. अध्यापकांना हे तितके जड जात नाही. आमच्यासमोर दर जूनमध्ये नवी तोंडे येतात आणि त्यांची नावे पाठ होईतो निघून जातात. म्हणूनच चार वर्षे एकाच ठिकाणी राहिलेला के. जे. ॲडम्स आम्हा दोघांचा लाडका. उंचीने आपल्या जागेला कमी, नेमबाजीत सामान्य, पण पडलेल्या प्रत्येक चेंडूवर झेप टाकणारा.

चाहत्याच्या प्रेमाचे ओझे खेळाडूवर किती पडते, याचे सर्वांत मोठे उदाहरण विल्ट चेंबरलेन. सात फुटांहून उंच हा काळा तरुण १९५५ साली लॉरेन्सला आला तेव्हा आसपासच्या अनेक खानावळींत काळ्यांना प्रवेश नव्हता. १९५७च्या अंतिम सामन्यात तीन जादा डावांनंतर कॅन्सस ५४-५३ असा हरला. एका गुणाने. पुढल्या वर्षी तो विद्यापीठ सोडून गेला आणि जगातला श्रेष्ठ खेळाडू झाला, पण आपण कॅन्ससला निराश केले ही सल त्याने चाळीस वर्षे बाळगली. जानेवारी १९९८ मध्ये त्याचा तेरा क्रमांक सन्मानाने निवृत्त करण्यासाठी तो परत आला, अंगात विद्यापीठाचे जुने जाकीट. त्याने भरलेल्या फील्डहाउससमोर ती सल बोलून दाखवली. लोक उभे राहून टाळ्या वाजवत राहिले. पुढच्या वर्षी तो वारला. ताई त्या दिवशी प्रेक्षागृहात होती. ज्याने काही देणे लागत नव्हते त्यानेच मन मोकळे केले आणि ज्यांचे देणे होते ते टाळ्या वाजवत होते, हे मात्र तिला पुष्कळ वर्षांनी जाणवले, असे ती म्हणते.

२५ जानेवारी २०२५, शनिवार. डॉक्टरांनी परवानगी दिली आणि ताई दीड वर्षाने स्वतःच्या जागेवर बसली. जागा दोनच, त्यामुळे आमच्यातली एक तिच्याबरोबर आत आणि दुसरा घरी रेडिओजवळ. समोर ह्यूस्टनचा बलाढ्य संघ. बरोबरी झाली, जादा वेळ सुरू झाला, आणि त्यात शेवटच्या अर्ध्या मिनिटात सहा गुणांची आघाडी. बास्केटबॉलमध्ये ही जिंकल्यासारखीच स्थिती. दोन लांबचे बास्केट, एक हिसकावलेला चेंडू, आणि सगळे पुन्हा समान. दुसऱ्या जादा वेळात कॅन्सस ९२-८६ असा हरला.

वर्गात शोकात्मिका शिकवताना आम्ही सांगतो की भीती आणि करुणा यांचे विरेचन होऊन प्रेक्षक हलका होऊन बाहेर पडतो. त्या रात्री पंधरा हजार माणसे थंडीत बाहेर पडली आणि कोणीही हलके झालेले नव्हते. नाटकातला विनाश कोणीतरी लिहिलेला असतो; त्यामागे एक मन आहे, या जाणिवेचा आधार असतो. इथे चेंडू कड्याला लागून बाहेर पडतो आणि त्यामागे कोणीच नसते. दवाखान्यातल्या अहवालांमागे जसे कोणी नसते, तसे. हे आमचे विवेचन; ताईला ते ऐकवले नाही. ती जिन्यावर दोनदा दम खाण्यासाठी थांबली आणि म्हणाली, 'चल गं लवकर, नाहीतर पार्किंगमधून बाहेर पडायला तास जाईल.' घरी आल्यावर मात्र तिने रेडिओजवळ बसलेल्याला तासभर सांगितले : कोण बाकावर मान खाली घालून बसला होता, ढोलवाल्या मुलीने शेवटी काठ्या कशा खाली ठेवल्या, सगळे.

फेब्रुवारीअखेर आम्ही परतलो. २१ मार्चला आपल्याकडे सकाळी दूरवरच्या प्रॉव्हिडन्स शहरात कॅन्सस आर्कान्सासकडून ७९-७२ असा हरला आणि स्पर्धेबाहेर गेला. त्या सामन्यात के. जे. ॲडम्सच्या टाचेची शीर तुटली. त्याचा महाविद्यालयीन खेळ तिथेच थांबला. चहा ठेवला तोवर ताईचा फोन आला. तिने पाहिले होतेच. तरी तिने विचारले, 'त्याला बाहेर नेताना बाकीची मुलं उठून उभी होती का? माझ्या टीव्हीवर नेमकी जाहिरात लागली.'