पुढचा शनिवार

मेलबर्न व्हिक्सन्स हा नेटबॉलचा संघ 2020 साली ऑस्ट्रेलियाच्या सर्वोच्च लीगमध्ये, म्हणजे सुपर नेटबॉलमध्ये, विजेता ठरला आणि पुढच्याच वर्षी तळाला गेला. 2022 मध्ये तो पुन्हा अंतिम सामन्यापर्यंत आला आणि हरला. 2024 मध्ये परत अंतिम सामना, परत हार, तीही 57-59 अशी. मग 2 ऑगस्ट 2025 रोजी अंतिम सामन्यात त्यांनी वेस्ट कोस्ट फीव्हरला 59-58 असं हरवलं. या सगळ्या चढउतारांत संघाच्या प्रशिक्षक एकच होत्या, सिमोन मॅकिनिस. तो सामना व्हिक्सन्सच्या प्रशिक्षक म्हणून त्यांचा शेवटचा.

माझी भाची मेलबर्नला असते आणि तिची लेक शनिवारी नेटबॉल खेळते, तिच्यामुळे मला याची गोडी लागली. मी एरंडोलला मुलींना खेळ शिकवण्यात उमेदीची वर्षं घालवली, त्यामुळे मुलींचा कुठलाही खेळ दिसला की मी थांबतेच. सुपर नेटबॉलचा 2025 चा हंगाम एप्रिलच्या सुरुवातीला चालू झाला, तेव्हा आमच्याकडे उन्हाने महामार्ग ओस पडू लागला होता. अंतिम सामना आला तेव्हा श्रावण लागला होता आणि शेतात कपाशीची निंदणी चालू होती. मधल्या काळात आठ संघ, चौदा फेऱ्या. चेंडू हातात असताना धावायचं नाही, तीन सेकंदांच्या आत तो दुसरीकडे द्यायचा. सात जणींपैकी प्रत्येकीला मैदानाचा ठराविक भागच मोकळा, आणि गोल करण्याची मुभा फक्त दोघींना. दहा फुटांवरच्या कड्याला मागे फळी नसते, त्यामुळे नेम अचूकच असावा लागतो. एकटीच्या जोरावर सामना काढून नेणं या खेळात शक्यच नाही. आमच्या खोखोतल्या मुलींना हे सांगावं लागणार नाही. बसलेल्या सोबतिणीला खो दिल्याशिवाय धावणारीचं काही चालत नाही, हे त्या लहानपणीच शिकलेल्या असतात.

पण मला खेळापेक्षाही त्या हंगामाचं अप्रूप वाटतं. आपल्या शालेय स्पर्धा बहुतेक बाद पद्धतीने होतात. पावसाळ्यात सराव करायचा, तालुक्याच्या स्पर्धेला पहाटे जीप भरून जायचं, पहिलाच सामना दोन गुणांनी हरायचा आणि दुपारी डबा खाऊन परत यायचं. वर्ष संपलं. त्या मुलीला आपण कुठे कमी पडलो हे कळलेलं असतं, सुधारायची जिद्दही असते, पण सुधारून दाखवायला पुढचा सामनाच नसतो. दिवाळीच्या सुट्टीत ती कापूस वेचायला जाते. पुढच्या वर्षी दहावी असते, घरचे नको म्हणतात, आणि तिचा खेळ तिथेच थांबतो. मी अशा कितीतरी मुली पाहिल्या आहेत. त्यांच्यात गुण कमी नव्हते. त्यांना हरल्यानंतरचा आठवडा कुणी दिला नाही.

मोठ्या मैदानांवरही वेगळं घडलेलं नाही. 2016 साली प्रो कबड्डीच्या चौथ्या हंगामाबरोबर महिलांचं कबड्डी चॅलेंज झालं. तीन संघ होते आणि त्यातल्या आइस डिवाजचं नेतृत्व आपल्या मुंबईच्या अभिलाषा म्हात्रेकडे होतं. हैदराबादला अंतिम सामन्यात स्टॉर्म क्वीन्सनी फायर बर्ड्‌सना 24-23 असं हरवलं. तिथेही फरक एकाच गुणाचा! पण हरलेल्या संघाला पुढचं वर्ष मिळालं नाही, कारण ती स्पर्धा पुन्हा झालीच नाही. 2022 साली पुण्यात बालेवाडीला अल्टिमेट खोखो लीग सुरू झाली, ती पुरुषांची. आणि 19 जानेवारी 2025 रोजी दिल्लीत खोखोच्या पहिल्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात भारताच्या मुलींनी नेपाळला 78-40 असं हरवलं, तेव्हा कर्णधार होती महाराष्ट्राची प्रियांका इंगळे. ज्या मुली विश्वचषक जिंकतात, त्यांना दर आठवड्याला खेळायला लीग नको का? पदकाचा सत्कार एका दिवसात उरकतो. हंगाम मात्र खेळाडूला पगार देतो, सवय देतो, दुखापतीतून उठून परत यायला कारण देतो.

ऑस्ट्रेलियातही हे फुकट मिळालेलं नाही. 2023 मध्ये कॉलिंगवूड क्लबने आपला नेटबॉल संघच बंद केला. त्याच वर्षी खेळाडूंचा सामूहिक करार संपला, उत्पन्नातल्या वाट्यावरून संघटनेशी बोलणी फिसकटली आणि कित्येक जणी आठवडेच्या आठवडे बिनपगारी राहिल्या. डिसेंबरात तोडगा निघाला. त्या मागे हटल्या नाहीत याचा मला अभिमान वाटतो, जणू माझ्याच शाळेतल्या पोरी होत्या.

मुलींची लीग चालत नाही, प्रेक्षक येत नाहीत, असं आपल्याकडे ठामपणे सांगितलं जातं. एका वर्षात प्रेक्षक कसे जमतील? लोक संघावर जीव लावतात तो त्याला पडताना आणि उठताना पाहून. 2021 साली तळाला गेलेल्या व्हिक्सन्सचा डाव तिथेच मोडला असता, तर 2025 चा तो एक गुण कुणाला गोड लागला असता?

म्हणून माझं मागणं छोटं आहे. एरंडोल, धरणगाव, पारोळा, भडगाव, चार तालुक्यांतले मुलींचे चार संघ घ्या. कापसाची वेचणी आटोपली की जानेवारी-फेब्रुवारीत दर शनिवारी खोखोचे साखळी सामने भरवा, प्रत्येक संघाची प्रत्येकाशी दोनदा गाठ पडू द्या. मैदानं आहेत, शिक्षक आहेत, चुना आणि शिट्टी लागते तेवढीच. खर्च जीपच्या भाड्याचा, आणि तो उचलणारे लोक प्रत्येक गावात असतात. फक्त एक अट पाळा: पहिल्या वर्षी मैदान रिकामं राहिलं तरी दुसऱ्या वर्षी ती स्पर्धा पुन्हा भरवा.