शंभर टक्क्यांचा हिशोब

सामना संपला की कप्तानासमोर माईक येतो आणि कप्तान म्हणतो, "पोरांनी शंभर टक्के दिले." जिंकले तरी हेच, हरले तरी हेच. एखादा उत्साही गडी तर एकशे दहा टक्केही देऊन मोकळा होतो. आमच्या गणिताच्या बाईंनी हे ऐकलं असतं तर त्याला तास संपेपर्यंत बाकावर उभं केलं असतं!

गंमत सोडा, पण प्रश्न खरा आहे. कुठलाही खेळाडू प्रत्येक सामन्यात तोच जोर, तीच ईर्षा घेऊन उतरू शकतो का? आणि नसेल उतरू शकत, तर आपण त्याच्याकडून नेमकं काय मागायचं?

२०२५ च्या जुलैत आमच्या घरात यावरून चांगलीच जुंपली होती. निमित्त अर्थातच बुमराह. इंग्लंडमधल्या पाच कसोट्यांपैकी तो तीनच खेळणार, हे मालिकेआधीच सांगून झालं होतं. त्याप्रमाणे तो लीड्स, लॉर्ड्स आणि मँचेस्टरला खेळला, एजबॅस्टन आणि ओव्हलला बसला. काका भडकले. "अगं, आमच्या कपिलने १३१ कसोट्या खेळल्या. दुखापतीसाठी एकदाही बाहेर बसला नाही. एकच कसोटी हुकली, ८४-८५ च्या मोसमात कलकत्त्याची, आणि तीसुद्धा त्याला काढलं म्हणून! हे आजकालचे म्हणजे काचेची भांडी."

काकांचा आकडा बरोबर आहे. कपिल १९७८ पासून १९९४ पर्यंत खेळला, तेही बहुतेक काळ आपल्या निर्जीव खेळपट्ट्यांवर आणि दुसऱ्या टोकाला धड वेगवान गोलंदाज नसताना. त्याच्यापुढे हातच जोडायला हवेत. पण फेब्रुवारी १९९४ मध्ये अहमदाबादला हॅडलीचा ४३१ बळींचा विक्रम मोडणारा कपिल आठवा. तो काही १९८३ चा कपिल नव्हता. वेग कधीच उतरला होता, उरले होते ते स्विंग, अनुभव आणि जिद्द. म्हणजे शरीराने आपला हिस्सा वसूल केलाच होता, फक्त हप्त्याहप्त्याने. बुमराहचं शरीर हप्ते मानत नाही. ते एकदम सगळी थकबाकी मागतं.

आणि मागितलीही आहे. पाठीच्या दुखण्यामुळे २०२२ चा टी-ट्वेंटी विश्वचषक हुकला, २०२३ मध्ये पाठीवर शस्त्रक्रिया झाली. पुढे २०२४-२५ च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यात त्याने पाच कसोट्यांत दीडशेहून जास्त षटकं टाकून ३२ बळी घेतले. एकट्याने मालिका खांद्यावर वाहिली म्हणा ना. शेवटच्या सिडनी कसोटीत दुसऱ्या दिवशी पाठ धरून तो मैदानाबाहेर गेला. ऑस्ट्रेलिया चौथ्या डावात विजयासाठी खेळत होती तेव्हा तो गोलंदाजीला येऊच शकला नाही. पाठोपाठ चॅम्पियन्स करंडकही गेला. पाचही कसोट्यांत शंभर टक्के दिले की काय होतं, ते आपण सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलेलंच आहे.

वेगवान गोलंदाजी हे मुळात शरीराच्या मनाविरुद्धचं काम. धावत येऊन पुढचा पाय आपटला की त्यावर शरीराच्या वजनाच्या कितीतरी पट भार येतो. त्याच क्षणी कंबर मागे वाकते, एका बाजूला झुकते आणि पिळलीही जाते. हे सगळं कण्याच्या खालच्या मणक्यांवर येतं. एका चेंडूने काही होत नाही. पण हाडाला रोज बारीक इजा होत राहिली आणि ती भरून यायला वेळच मिळाला नाही, तर एक दिवस तिथे तडा जातो. विहिरीसारखंच आहे हे. उपसा कितीही करा, झऱ्याला वेळ दिलात तर पाणी पुन्हा चढतं. वेळ न देता उपसत राहिलात तर गाळ हाती येतो.

हे सगळं मी काकांना ऐकवलं. ते चार ऑगस्टपर्यंत गप्प बसले आणि मग त्यांच्या हातात सिराज आला! सिराज पाचही कसोट्या खेळला. १८५.३ षटकं, म्हणजे १,११३ चेंडू, आणि मालिकेत सर्वाधिक २३ बळी. लॉर्ड्सला शेवटचा फलंदाज म्हणून तोच बाद झाला होता. चेंडू नीट अडवला, तरी तो घरंगळत जाऊन यष्टीला लागला आणि आपण २२ धावांनी हरलो. ओव्हलला चौथ्या दिवशी त्याने ब्रूकचा झेल घेतला, पण पाय सीमेच्या दोरीला लागला. तेव्हा १९ वर असलेल्या ब्रूकने पुढे १११ केल्या. दुसरा कुणी असता तर त्या रात्री झोपला नसता. पाचव्या सकाळी इंग्लंडला ३५ धावा हव्या होत्या, चार गडी शिल्लक होते. त्या चारपैकी तीन सिराजने काढले, शेवटचा ॲटकिन्सनचा त्रिफळा उडवून. आपण सहा धावांनी जिंकलो.

"बघ, याला म्हणतात शंभर टक्के!" काकांचा फोन आला. फोनवरूनही त्यांची मिशी दिसत होती :-)

आता यावर काय बोलणार? पण सिराजलाही नीट पाहिलं तर तो १,११३ चेंडू एकाच जोराने टाकत नव्हता. कुठलाच गोलंदाज टाकत नाही. चार-पाच षटकांचा हप्ता, मग सीमेवर विश्रांती, जुन्या चेंडूवर जरा हात आखडता आणि बळी दिसायला लागला की सगळं ओतायचं. काटकसर सगळेच करतात. बुमराह सामने मोजून करतो, सिराज चेंडू मोजून. फरक एवढाच की बुमराहची काटकसर जाहीर असते, म्हणून शिव्या त्याला बसतात.

मग ज्याला आपण 'शंभर टक्के दिले नाहीत' म्हणतो, ते नेमकं असतं काय? मला इथे गावसकर आठवतात.

७ जून १९७५, पहिल्यावहिल्या विश्वचषकाचा पहिला दिवस, लॉर्ड्स. इंग्लंडने ६० षटकांत ३३४ केल्या. उत्तरादाखल गावसकर पहिल्यापासून शेवटपर्यंत खेळले आणि १७४ चेंडूंत नाबाद ३६! भारत ३ बाद १३२. २०२ धावांनी हार, तीही सात गडी हातात ठेवून. का, याची उत्तरं लोक पन्नास वर्षं शोधताहेत. मला एवढंच दिसतं की त्या दिवशी ताकदीची वाण नव्हती. साठ षटकं उभं राहायची ताकद होतीच की! नव्हतं ते दुसरंच काही.

आता ३१ ऑक्टोबर १९८७, नागपूर. गावसकर ३८ वर्षांचे, अंगात ताप. न्यूझीलंडच्या २२१ धावा नुसत्या पार करून भागणार नव्हतं. धावगतीत ऑस्ट्रेलियाला मागे टाकलं तर उपांत्य सामना मुंबईत मिळणार होता. या माणसाने ८८ चेंडूंत नाबाद १०३ केल्या. १०७ व्या एकदिवसीय सामन्यातलं पहिलं आणि एकमेव शतक. सामना ३२.१ षटकांत खल्लास. त्या दिवशी अंगात जोर कमी होता, तरी जे होतं ते सगळं पणाला लागलं होतं.

आणि पाचच दिवसांनी, ज्या सामन्यासाठी हा सगळा खटाटोप, त्या वानखेडेवरच्या उपांत्य सामन्यात? चार धावांवर डिफ्रेटसने त्रिफळा उडवला. भारत ३५ धावांनी हरला आणि गावसकर पुन्हा एकदिवसीय सामना खेळले नाहीत. मुंबईत, घरच्या लोकांसमोर, त्यांनी त्या दिवशी कमी प्रयत्न केले असं कोण म्हणेल?

म्हणून मला वाटतं, आपण दोन गोष्टींची गल्लत करतो. एक जोर आणि दुसरं इमान. जोर शरीराचा असतो. तो कमी-जास्त होणार, संपणार, पुन्हा भरणार. त्याची रोज शंभर टक्के हमी कुणीच देऊ शकत नाही, आणि जो देतो तो थापा मारतो. इमान म्हणजे आज अंगात जे काही आहे, चाळीस असेल तर चाळीस, ते न राखता सामन्याला देणं. आणि चाळीसने भागणार नसेल तर तसं सांगून बाजूला होणं, हेही इमानच.

याला प्रेक्षकांची बाजू आहे, ती मी नाकारत नाही. अमेरिकेतल्या एनबीएत प्रत्येक संघाला मोसमात ८२ सामने खेळावे लागतात. २०१२ च्या नोव्हेंबरमध्ये सॅन अँटोनियो स्पर्सच्या प्रशिक्षकाने मायामीतल्या सामन्याआधी डंकनसकट चार मुख्य खेळाडूंना परस्पर घरी पाठवून दिलं. संघटनेने अडीच लाख डॉलरचा दंड ठोठावला. पुढे २०२३-२४ च्या मोसमापासून मोठ्या पुरस्कारांसाठी किमान ६५ सामने खेळायची अटही आली. वर्षातून एकदाच पोराला खांद्यावर घेऊन सामन्याला येणाऱ्या बापाचा विचार केला तर हे पटतं. त्याने डंकनला बघायचं तिकीट काढलेलं असतं. म्हणून आधी सांगणं महत्त्वाचं. पण तडा गेलेल्या पाठीने त्या पोराला तरी काय दिसणार?

एवढं सगळं लिहायचं कारण काकांशी भांडण हे नाही, मंडळी. कारण माझी भाची आहे.

ती पंधरा वर्षांची आहे आणि वेगवान गोलंदाजी करते. नातेवाईकांना ठाऊकच आहे, तिने बिल्डिंगमधल्या किती काचा फोडल्यात ते. शाळेचा संघ, क्लबचा संघ आणि वर निवड चाचण्या. तिन्हीकडे तीन सर आणि तिन्ही सरांचा मंत्र एकच: रोज फुल एफर्ट. तीन ठिकाणचे चेंडू एकत्र मोजायचं काम मात्र कुणाचंच नाही. कंबर दुखतेय हे तिने घरात दोन आठवडे सांगितलंच नाही. सांगितलं तेव्हा एमआरआय झाला आणि खालच्या मणक्याच्या हाडाला बारीक तडा निघाला. डॉक्टरांनी तीन महिने गोलंदाजी बंद केली. वय लहान आहे, विश्रांती घेतली तर भरून येईल म्हणाले.

मी तिला बुमराहची गोष्ट सांगायला गेले. तिने शांतपणे ऐकून घेतली आणि म्हणाली, "मावशी, तो बुमराह आहे. तो बसला तरी त्याची जागा कुठे जात नाही. मी बसले तर माझ्या जागी दुसरी येईल. सर म्हणतील, हिला सिरियसनेस नाही."

माझ्याकडे उत्तर नव्हतं. कारण तिचं म्हणणं बरोबर आहे. विश्रांती हा आपल्याकडे मोठेपणी मिळणारा मान आहे. ज्याने सिद्ध केलं त्याने थकावं, बाकीच्यांनी शंभर टक्के द्यावेत. आणि हाड तर पंधराव्या वर्षी जास्त कच्चं असतं! काकांसारखी प्रेमळ माणसं बुमराहला काचेचं भांडं म्हणतात, तेव्हा ते बुमराहपर्यंत पोचत नाही. ते शेजारच्या खोलीत कंबर धरून बसलेल्या पोरीला ऐकू जातं.

हे मी काकांना जसंच्या तसं सांगितलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "कपिलच्या वेळी एमआरआय नव्हतं गं." कबुली म्हणा, पळवाट म्हणा, मी तेवढ्यावर सोडून दिलं.

भाची सध्या मैदानावर जाते, पण चेंडू हातात घेत नाही. स्कोअरबुक लिहिते. तिच्या क्लबच्या सरांना तिच्या आईने रिपोर्ट दाखवला, तर त्यांनी यापुढे प्रत्येक मुलीचे आठवड्याचे चेंडू वहीत मांडायचं कबूल केलंय. शाळेच्या सरांशी अजून बोलायचं आहे. असो.

तुमच्या घरात कुणी पोर खेळत असेल, तर आज संध्याकाळी 'जिंकलास का' विचारायच्या आधी 'कुठे दुखतंय का' एवढं विचारा. आणि 'हो' म्हणाली तर रागावू नका.