स्टिगची खिडकी

घसा पार बसलाय. बोलायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलंय. म्हणून केंटमधल्या या घरात आठ-नऊ वर्षांच्या मुलांच्या वह्या तपासत बसले आहे. इंग्लंडच्या प्राथमिक अभ्यासक्रमात २०१४ पासून अश्मयुग ते लोहयुग हा इतिहास आला. त्याला जोडून इंग्रजीच्या तासाला मी क्लाइव्ह किंग यांचं १९६३ सालचं ‘स्टिग ऑफ द डम्प’ घेते. खडूच्या खाणीत पडलेल्या बार्नीला तिथे स्टिग नावाचा आदिमानव भेटतो. स्टिगला इंग्रजीचा गंध नाही, आणि मी त्याच्याच गोष्टीतून इंग्रजी शिकवते!

टाकून दिलेल्या जॅमच्या बरण्या रचून ते दोघं गुहेला खिडकी करतात. हे चित्र माझ्या मनातून हलत नाही. ‘अशी खिडकी कशी कराल?’ या प्रश्नाला मुलांनी घासा, रचा, लिंपा अशी क्रियापदं भराभर लिहिली आहेत. वर्गात नव्याने आलेल्या, अजून तोंड न उघडलेल्या मुलीने मात्र नुसत्या बरण्या काढल्यात, एकीत सूर्य. गुण कशाचे द्यायचे? तिला आधी शब्द द्यावेत, की आधी बरण्याच हातात द्याव्यात? मला दुसरा पर्यायच बरा वाटतोय. पण परीक्षा शब्दांचीच असते.