तीन अध्याय

१४ मार्च, शुक्रवार

धुळवड. गल्लीत पोरांचा धिंगाणा सुरू व्हायच्या आत वाचन उरकून घेतलं. पहिले शमुवेल, एक ते तीन. रोज तीन आणि रविवारी पाच या हिशेबाने पवित्र शास्त्राचे १,१८९ अध्याय वर्षात पुरे होतात. हे माझं सलग एकोणिसावं वर्ष. एकदाही मागे पडले नाही. याचा अभिमान वाटतो, आणि वाटतो म्हणून जरा लाजही वाटते.

शेवटचा अध्याय चालू असताना मावशी भांडी तशीच टाकून दारात आल्या. पदराला हात पुसत उभ्या राहिल्या. "बाई, जरा..." मी मान वर न करता बोट वर केलं. शाळेत पस्तीस वर्षं या बोटावर वर्ग गप्प बसवलेत. त्या थोडा वेळ थांबल्या, मग मोरीकडे गेल्या. पुन्हा नळाचा आवाज आला.

१७ मार्च, सोमवार

उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. मोतीबिंदू पिकला होता म्हणे. आठ दिवस वाचायचं नाही, वाकायचं नाही, डोक्यावरून पाणी घ्यायचं नाही. लिहू नका असं काही डॉक्टर म्हणाले नाहीत, म्हणून डाव्या डोळ्याने पहिलीतल्या मुलासारखी मोठमोठी अक्षरं गिरवते आहे.

१९ मार्च, बुधवार

नऊ अध्याय बाकी. उधारी चढल्यासारखं वाटतंय.

काचेच्या कपाटात अप्पांचं शास्त्र आहे. रेशमी रुमालात गुंडाळलेलं, वर डांबराची गोळी. पाहुण्यांना दाखवतो. हातातून निसटलं तर कपाळाला लावतो. कुणाला ताप आला की आई ते उशाशी ठेवायची, आणि शेजारची आजी अंगारा लावायची तेव्हा आम्ही मनातल्या मनात तिला हसायचो!

आज ते नुसतं मांडीवर घेतलं. डोळे मिटून पानांवर बोटं फिरवली. अप्पा हयात होते तेव्हा या पुस्तकाचे हाल होते. चहाच्या कपाचा गोल डाग आहे. लेवीयाच्या समासात पेन्सिलीने 'कोळसेवाला ६ रु.' असं लिहिलंय, ते मला पाठच आहे. पाठीची शिवण उसवलेली. अप्पा वाचता वाचता मधेच थांबायचे, खिडकीबाहेर बघत बसायचे, कधी वहाणा घालून तडक कुणाकडे तरी निघून जायचे. अध्याय तिथेच अर्धा. त्यांनी कधी शास्त्र वर्षात संपवलं असेल असं वाटत नाही. रुमाल आम्ही गुंडाळला, ते गेल्यावर.

२१ मार्च, शुक्रवार

नात मोबाइलवरून वाचून दाखवते. ती आगगाडीसारखी वाचते, स्वल्पविरामाला थांबणं तिच्या स्वभावात नाही. पुढचं वाचू का, म्हणाली. मी म्हटलं, शमुवेल तिसरा पुन्हा वाच. धुळवडीला वाचलेलं एक अक्षर आठवत नव्हतं.

म्हातारा याजक एली, डोळे अंधुक झालेले. मंदिरात झोपलेला पोरगा शमुवेल. रात्री हाक येते, पोरगा उठून एलीकडे धावतो. मी नाही बोलावलं, जा झोप. असं दोनदा. तिसऱ्या वेळी एलीला उमजतं, हाक देवाची आहे.

मावशी दारात केरसुणी घेऊन उभ्या होत्या. गळ्यात तुळशीची माळ. वर्षाआड दिंडीत जातात, वाचता येत नाही, पण हरिपाठ सगळा तोंडपाठ. म्हणाल्या, "बाई, हाक पोराला आली. मग म्हाताऱ्याला कसं कळलं, देवच बोलवतोय म्हणून?"

नातीने माझ्याकडे पाहिलं. एकोणीस वर्षांत हा प्रश्न मला पडलेला नाही. मी म्हटलं, "त्यालाही कधीतरी आली असेल."

"मग आता बंद का झाली?"

मी सांगितलं, त्याची पोरं नैवेद्यातलं दांडगाईने घ्यायची, तो त्यांना आवरत नव्हता, वगैरे. शिक्षिकेचं उत्तर. मावशींनी मान हलवली आणि कॉटखालचा केर काढायला घेतला.

२३ मार्च, रविवार

काळा चष्मा लावून उपासनेला गेले. शास्त्रपाठ वाचायला उभ्या राहिलेल्या मुलाच्या हातात मोबाइल बघून एका बुजुर्गांनी त्याला सगळ्यांदेखत दटावलं. मोबाइल म्हणजे काय शास्त्र झालं? पोरगं लाल झालं, वाचताना अडखळलं. चामडी बांधणीचं शास्त्र त्या बुजुर्गांच्या काखेत होतं, चेन लावलेली.

मला पितळी साप आठवला. रानात सर्पदंशाने माणसं मरत होती, तेव्हा देवाच्याच सांगण्यावरून मोशेने तो घडवला. लोकांनी जपून ठेवला आणि शतकं लोटल्यावर त्यापुढे धूप जाळू लागले. शेवटी हिज्कीया राजाने तो फोडला. देवाने दिलेली वस्तू फोडायची म्हणजे हिंमत पाहिजे. फोडताना कुणीतरी नक्की ओरडलं असणार, अहो, ही मोशेची आहे!

२९ मार्च, शनिवार

दुसरी बाजूही लिहून ठेवते, नाहीतर उद्या मलाच खरं वाटेल की पुस्तक नकोच. 'देव माझ्याशी बोलला' म्हणणाऱ्यांची मला धास्ती वाटते. नात्यातल्या एकाला देवाने जमीन विकायला सांगितली होती, आणि गंमत म्हणजे गिऱ्हाईकही देवानेच ठरवलेलं, त्याचाच मेव्हणा. आतला आवाज बहुतेकदा आपलाच असतो, फक्त घसा बदललेला. तो ओळखायला पुस्तक लागतं. पण रस्ता विचारायला बाहेर पडावं आणि नकाशाच घडी घालून पुजावा, तसं माझं झालंय.

५ एप्रिल, शनिवार

आज पंडिता रमाबाईंचा स्मृतिदिन. १९२२ साली त्या केडगावला वारल्या. आमच्या नगरच्या वेशीवरचं केडगाव नव्हे, दौंडजवळचं.

लहानपणी त्या आईवडिलांबरोबर तीर्थोतीर्थी हिंडल्या. देवळात बसून पुराण वाचायचं, लोकांनी ऐकायचं आणि पुढ्यात धान्य, फळं, पैसे ठेवायचे. अर्थ सांगायची गरज नसे, संस्कृत कानावर पडलं की पुण्य मिळे. पुढे त्याच बाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून सबंध शास्त्र साध्या मराठीत आणलं. गावच्या बाईला कळलं पाहिजे, हा हट्ट. त्यांच्या मुक्ती मिशनमधल्या बायका-मुलींनी खिळे जुळवले, आणि १९२४ मध्ये, बाई गेल्यावर, ते पुरं छापून झालं. अर्थ न कळता ऐकलं तरी पुण्य, हे सोडून त्या इतक्या लांब आल्या. आणि मी सकाळी सहाला मराठी शास्त्र उघडून पुन्हा तिथेच जाऊन बसते.

मावशी तांदूळ निवडत होत्या. ताट अगदी नाकाशी. मी विचारलं, "धुळवडीच्या दिवशी काय सांगत होतात?"

"कधी?"

"मी वाचत होते तेव्हा. मी बोट केलं."

"आता काय त्याचं, बाई."

मी त्यांच्यासमोर पाटावर बसले. बऱ्याच वेळाने बोलल्या. वर्षभर धूसर दिसतंय. त्या रविवारी, १६ तारखेला, फुकट शिबिर होतं. कागद आला होता, त्यावर काय लिहिलंय ते मला वाचून दाखवायला सांगणार होत्या. आधारकार्ड लागतं की नाही, उपाशीपोटी जायचं का, एवढंच. मग गेल्याच नाहीत.

"कागद आहे अजून?"

पिशवीतून चौघडी कागद काढून दिला. चष्म्याचा नंबर अजून मिळायचाय, तरी उजव्या डोळ्याने स्वच्छ दिसलं. आधारकार्ड आणा. जेवून या.

माझ्या डॉक्टरांकडे फोन केला. सोमवारी अकरा वाजता. मी बरोबर जाणार आहे.

६४ अध्याय मागे.