टकळीची चकती

फर्दापूरची मोगलकालीन सराई आणि तेथून जवळच असलेलीं अजिंठ्याचीं लेणीं पाहावयास दूरदूरचे लोक येतात. या भव्य ठेव्यापुढें भोंक पाडलेल्या एका मातीच्या चकतीची मातबरी ती काय, असें कोणासही वाटेल.

अशीच एक चकती आमच्या वर्गांतील एका मुलानें शेताच्या नांगरटींतून उचलून आणली व विचारलें, “मास्तर, हें खेळण्यांतल्या गाडीचें चाक का?” प्रश्न मार्मिक होता. चाक आणि टकळीची चकती यांत भ्रम होणें साहजिक आहे. टकळीच्या चकतीचें भोंक मात्र अगदीं मधोमध व सरळ असावें लागतें. नाहीं तर टकळी डगमगते. टकळीस बोटांनीं गिरकी दिली म्हणजे चकतीच्या भारानें ती फिरत राहते व कापसाच्या तंतूस पीळ बसतो. चकती फार जड असली तर बारीक सूत तुटतें. पुढें काडी कुजते, सूत विरून जातें. भाजलेली माती तेवढी उरते.

आमच्याच जिल्ह्यांतील दौलताबादेशीं इसामी या कवीचें नांव निगडित आहे. त्यानें १३५० सालीं ‘फुतूह-उस्-सलातीन’ हें फारसी काव्य पुरें केलें. त्यांत सुलतान रझियेवर टीका करतांना, स्त्रीनें चरख्यापाशीं बसावें हेंच बरें, असा त्याचा अभिप्राय आहे. हिंदुस्थानांतील चरख्याच्या अगदीं जुन्या लेखी उल्लेखांत याची गणना होते. कवीचा टोमणा ग्रंथांत राहिला. परंतु सूत कातणाऱ्या बायांचीं नांवें कोणीं लिहून ठेवलीं? त्यांच्या वतीनें साक्ष देणारी ही चकतीच होय.

पण ही साक्ष जागेवरच मिळते. नेवासें येथें १९५४ पासून डॉ. सांकळिया व त्यांचे सहकारी यांनीं थरामागून थर उकलून अश्मयुगापासून मराठेशाहीपर्यंतचा क्रम लाविला. प्रत्येक वस्तु ज्या थरांत मिळाली त्या थरावरून तिचा काळ ठरला. चकतीचा आकार तर शतकानुशतकें फारसा बदलत नाहीं. म्हणून नांगरटींतून उचललेल्या चकतीस तिचें वय विचारण्याची सोय उरत नाहीं.

विद्यार्थिमित्रहो, अशी वस्तु दिसल्यास ती उकरूं नका, खिशांत घालूं नका. जागा टिपून घ्या आणि पुरातत्त्व खात्यास कळवा. जिचें नांव कोणीं लिहिलें नाहीं, तिचा पत्ता तरी आपण पुसूं नये.