गिरगाव की लालबाग?

गेले तीन वीकेंड इथे काही लिहिलं नाही. कारण साधं आहे, घरं बघत फिरत होतो. स्वतःसाठी नाही, आईसाठी. मुंबईत भाड्याचं घर शोधलेल्या माणसाला वेगळं सांगायला नको... एजंट 'स्टेशनपासून पाच मिनिटं' म्हणतो तेव्हा ती नक्की कोणाची पाच मिनिटं, हे तो कधी सांगत नाही.

तर झालं असं, की गिरगावातली आमची चाळ अखेर रिडेव्हलपमेंटला निघाली. फणसवाडीच्या अलीकडे, तीन मजली, चोवीस बिऱ्हाडं. आमची खोली मोरी आणि पोटमाळ्यासकट १८० चौरस फूट. त्या पोटमाळ्यावर वाकून बसून मी बारावी केली आणि वाकून बसायची सवय पुढे ऑफिसात कामाला आली. संडास गॅलरीच्या टोकाला. जिन्याखाली रिपेअर बोर्डाने लावलेले लाकडी टेकू इतके जुने झालेत की आता त्यांनाच टेकू लावायची वेळ आलीय. पागडीची जागा, भाडं महिना दीडशेच्या आत. १९४७ च्या भाडे कायद्याने भाडी जिथल्या तिथे गोठली, मालकाला दुरुस्ती परवडेना (किंवा करायचीच नव्हती, दोन्ही खरं), आणि भाडेकरूंना वाटायचं आपण का पदरचे घालायचे. यात सत्तर-पंचाहत्तर वर्षं निघून गेली. म्हाडा दर पावसाळ्याआधी अतिधोकादायक इमारतींची यादी काढते. आमच्या चाळीत ती यादी दहावीच्या निकालासारखी बघतात. फक्त इथे नंबर न लागल्याचा आनंद.

३१ ऑगस्ट २०१७ ला पाकमोडिया स्ट्रीटवरची हुसैनी इमारत कोसळली. ३३ माणसं गेली. आमच्या चाळीपासून चालत अर्ध्या तासाच्या आत आहे ती जागा. त्यानंतर इतकी वर्षं अडून बसलेल्यांनीही एकेक करून सह्या केल्या. नियमाने ५१ टक्के संमती पुरते, आमच्याकडे शंभर टक्के झाली. नव्या बिल्डिंगमध्ये प्रत्येकाला कमीत कमी ३०० चौरस फूट कारपेट आणि घरात संडास. आई म्हणाली, "संडास घरात येतोय तर आता गुडघे म्हणतात कमोड बसव."

काम तीन वर्षांचं, असं बिल्डर म्हणतो. तोवर दरमहा भाड्याचे पैसे देणार, जागा आपली आपण शोधायची. मी ठाण्याला राहतो, घोडबंदर रोडला. तिथे आईसाठी खोली आहे, बाल्कनी आहे, लिफ्ट आहे. मागे ती तिथे तीन आठवडे राहिली होती. चौथ्या आठवड्यात म्हणाली, "खाली उतरलं की वॉचमन भेटतो. तो चांगला आहे रे, पण रोज किती बोलणार त्याच्याशी?" विषय संपला. उरले दोन पर्याय. गिरगावातच दुसरी जागा, नाहीतर लालबाग. लालबाग का, तर बायकोचं माहेर तिथलं. तिचे आईवडील आणि भाऊ, सगळे तिथेच.

मी काय केलं असेल ते तुम्ही ओळखलं असेलच. एक्सेल शीट! डावीकडे मुद्दे, वर गिरगाव आणि लालबाग, प्रत्येक मुद्द्याला दहापैकी गुण आणि वेगळं वेटेज. बायकोने एकदा बघितली आणि "ऑफिसला सुट्टी आहे ना आज?" एवढंच म्हणाली.

शीटमध्ये लालबाग आरामात जिंकत होतं. एक तर हॉस्पिटलं. परळचं केईएम १९२६ पासूनचं आणि अर्ध्या महाराष्ट्राचं. वाडिया, टाटा सगळं हाकेच्या अंतरावर. गिरगावात हरकिसनदास होतं, त्याचं आता रिलायन्स फाउंडेशन हॉस्पिटल झालंय. चांगलंच आहे, पण आईला तिथे न्यायचं म्हणजे आधी मेडिक्लेमचं कार्ड शोधायचं. दुसरं, माझं येणंजाणं. ठाण्याहून स्लो लोकलने थेट करी रोड. गिरगावला जायचं तर दादरला उतरून वेस्टर्नची गाडी पकडा आणि चर्नी रोडला उतरा. ऑक्टोबर २०२५ मध्ये मेट्रो ३ पूर्ण सुरू झाली आणि आता सीएसएमटीहून दुसरं स्टेशन गिरगाव. म्हणजे ज्या मेट्रोच्या कामात गिरगाव-काळबादेवीतल्या इमारती पडल्या, लोक रस्त्यावर उतरले, ती सुरू होऊन जरा स्थिरावतेय तोवर आमचीच चाळ पडायची वेळ आली. असो.

गिरगावला मी पूर्ण गुण दिले ते चौपाटीला. संध्याकाळी चालत समुद्रापर्यंत जाता येणं याची किंमत शीटमध्ये कशी घालायची? आई गेल्या चार वर्षांत चौपाटीवर दोनदा गेलीय, तेही मी नेलं म्हणून. तरी मी दहापैकी दहा दिले. (आपल्या सोयीचे गुण देणं हा आयटीतल्या अप्रेझलचा परिणाम.)

खाण्यात मात्र बरोबरी ठेवली. 'विनय'ची मिसळ इकडे, 'लाडू सम्राट' तिकडे, शिवाय चिवडा गल्ली. लालबागला उन्हाळ्यात मसाल्याचे डंक धडधडायला लागले की मिरचीने सगळी गल्ली खोकते, त्याचा एक गुण कापला.

आता शीटमध्ये न घातलेली गोष्ट. ती लिहू की नको असा दोन दिवस विचार केला.

गिरगाव आणि लालबागमध्ये अंतर चार-पाच किलोमीटर. दोन्हीकडे कोकणातून आलेली माणसं, दोन्हीकडे चाळी. पण २००५ मध्ये मी लग्नाचं घरी सांगितलं तेव्हा आईचा पहिला प्रश्न होता, "लालबाग? म्हणजे गिरणीतली माणसं?" माझे बाबा फोर्टात एका कचेरीत क्लार्क होते. पगार फार नव्हता, पण सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून निघायचं आणि संध्याकाळी साहित्य संघात नाटक. बायकोचे वडील, अण्णा, गिरणीत साच्यावर. १८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांचा संप सुरू झाला आणि अडीच लाख कामगार बाहेर पडले, त्यातले ते एक. ते पुन्हा आत गेलेच नाहीत, गिरणीच राहिली नाही. आधी भाजी विकली, मग एका सोसायटीत रखवालदारी केली. माझ्या घरी संप म्हणजे बाबा मोठ्याने वाचायचे त्या पेपरातल्या बातम्या. तिच्या घरी सासूबाईंनी खानावळीच्या पोळ्या लाटून दोन पोरं वाढवली. इतकी वेगळी दोन ऐंशीची दशकं चार-पाच किलोमीटरवर!

आईने लग्नाला विरोध केला नाही, सून म्हणून बायकोशी तिचं उत्तम आहे. पण वीस वर्षांत ती लालबागला एक रात्र राहिली नाही. बोलावलं की जायची, जेवायची, साडी घ्यायची आणि परत. अण्णांच्या हे लक्षात आलं नसेल असं मला तरी वाटत नाही.

आणि आणखी एक. मी पहिल्यांदा बायकोच्या घरी गेलो तो लालबागला नव्हे, मानखुर्दला, ट्रान्झिट कॅम्पात. त्यांची चाळ १९९८ ला पाडायला घेतली. तेव्हाही बिल्डरने तीन वर्षंच सांगितली होती. परत आले ते २००७ मध्ये. २२५ चौरस फूट, चौदावा मजला. मधल्या नऊ वर्षांत बिल्डर बदलला, काम दोनदा बंद पडलं आणि अण्णांची आई ट्रान्झिटमध्येच गेली. त्या नऊ वर्षांत यांना कोणी कुठले विचारलं की उत्तर एकच, "आम्ही लालबागचे." आमच्या घरी तेव्हा याचंही हसू व्हायचं, म्हणे राहतात मानखुर्दला आणि सांगतात लालबाग.

आई आता चौऱ्याहत्तर वर्षांची आहे. तीन वर्षं म्हणजे सत्त्याहत्तर. नऊ म्हणजे... हा हिशेब मी एक्सेलमध्ये केला नाही. ऑफिसात एखादी सिस्टिम हलवायची तर आम्ही आधी रोलबॅक प्लॅन लिहितो. काही बिघडलं तर परत जुन्यावर कसं यायचं, ते. इथे जुनं तर पाडणारच आहेत. म्हणजे तात्पुरती जागा बघायचीच नव्हती. आई कदाचित शेवटपर्यंत राहील अशी जागा बघायची होती, आणि हे तिच्यासमोर बोलायचं नव्हतं.

पहिल्या रविवारी गिरगावातली जागा बघितली. ठाकूरद्वारपासून जवळ, चाळीपासून चालत सात मिनिटं. तिसरा मजला, लिफ्ट नाही, बिल्डर देतो त्यापेक्षा बारा हजार जास्त. खालच्या दोन्ही मजल्यांवर दागिने घडवण्याचे कारखाने. रात्री आठनंतर बिल्डिंगमध्ये राहणारं कुटुंब एकही नाही, बंगालमधून आलेली कारागीर पोरं तेवढी तिथेच झोपतात. त्यातल्या एकाने आईला जिन्यात हात दिला. खाली आल्यावर ती म्हणाली, "पोरं गुणाची आहेत. पण रात्री छातीत दुखलं तर त्यांना सांगू कुठल्या भाषेत?" मग चाळीत परत येईपर्यंत ती बोलली नाही. गॅलरीत बसल्यावर एकेका दाराकडे बघत मोजायला लागली. हे बोरिवलीला, हे विरारला, ही दोन डोंबिवलीला, कोपऱ्यातले मुलाकडे पुण्याला. चोवीसपैकी गिरगावात राहणार होती तीन बिऱ्हाडं. "मग मी इथे राहून कोणाकडे जाऊ?"

मला हे सुचलंच नव्हतं. मी गिरगाव म्हणजे जागा धरून गुण देत होतो, चौपाटी, विनय, साहित्य संघ. ते सगळं आहे तिथेच आहे.

पुढच्या रविवारी लालबाग. अण्णांच्या बिल्डिंगपासून दोन गल्ल्या सोडून, पाचवा मजला, दोन लिफ्ट, त्यातली एक चालू. भाडं बिल्डरच्या पैशांपेक्षा तीन हजार जास्त. एजंट नळ उघडून दाखवत होता तेवढ्यात शेजारच्या दारातून एक बाई बाहेर आल्या आणि त्यांनी आईला सरळ विचारलं, "कोणाच्या तुम्ही?" अशा प्रश्नाला आमच्या सोसायटीत सिक्युरिटी बोलावतील. आईने अण्णांचं नाव सांगितलं. मग गाव विचारलं. आईचं माहेर राजापूरकडचं, बाईंचं देवगडकडचं. दहा मिनिटांनी आई त्यांच्या घरात चहा पीत होती आणि मी एजंटबरोबर रिकाम्या खोलीत उभा.

सगळं गोड होतं असं नाही हं. गणपतीचे दहा दिवस राजाच्या रांगांमुळे तिथल्या लोकांना आपल्याच घरी जायची मारामार. केशवजी नाईक चाळीतला १८९३ पासूनचा शांत गणपती बघत मोठी झालेली ही बाई त्या गर्दीत काय करणार, मला खरंच कळत नाही. प्रभादेवी स्टेशनजवळचा एल्फिन्स्टनचा पूल सप्टेंबर २०२५ मध्ये पाडायला बंद केला, त्यामुळे टॅक्सीने यायचं तर वळसे. आणि रात्री अकरालाही खाली कोणीतरी कोणालातरी हाका मारत असतं.

हे शेवटचं अण्णांनीच सांगितलं, जेवताना. "वहिनी, एक आधीच सांगतो, इकडं आवाज फार असतो. तुमच्याकडं कसं शांत."

आई ताटातला भात कालवत होती. "शांत कसलं अण्णा, खालची दोन बिऱ्हाडं गेली त्या दिवसापासून मला झोप नाही. असू दे आवाज." आणि मग थोड्या वेळाने, "तुमच्या आई मानखुर्दला गेल्या तेव्हा मी भेटायलासुद्धा आले नाही."

२००३ सालची गोष्ट. माझं लग्नही ठरलं नव्हतं तेव्हा, भेटायला जायचा प्रश्नच नव्हता. अण्णांनी ते दाखवून दिलं नाही. "मासळी घ्या अजून," म्हणाले. सासूबाईंनी वाढली.

त्या रात्री आई तिथेच राहिली. वीस वर्षांत पहिल्यांदा. सकाळी सात वाजता फोन. अकरा महिन्यांचं ॲग्रीमेंट करू नकोस, तीन वर्षांचं कर. रेशनकार्डावरचा पत्ता मात्र गिरगावचाच ठेवायचा. आणि फडके गणपतीला संकष्टीला मी टॅक्सीने जाणार, त्याचे पैसे तू द्यायचे.

लालबागचा राजा दरवर्षी लालबागहून निघतो आणि दुसऱ्या दिवशी आमच्या गिरगाव चौपाटीवर पोचतो. लहानपणी पहाटे उठून त्याला बघायला आम्ही पळायचो. २०२५ ला भरतीमुळे विसर्जन दुसऱ्या दिवशी रात्रीपर्यंत लांबलं, तेव्हा आईने चाळीच्या गॅलरीतून तीनदा मला फोन करून विचारलं होतं, टीव्हीवर काय दाखवतायत. बायको म्हणते, आईंना आता राजा निघताना बघायला मिळेल.

टोकन दिलंय, चावी पंधरा तारखेला. पोलीस व्हेरिफिकेशन ऑनलाइन होतं, पण भाडेकरूचा फोटो अपलोड करताना पेज तीनदा लटकलं, ते आज रात्री परत बघतो. पोटमाळा अजून आवरायचाय. तिथे बाबांची पेपरातली कात्रणं आहेत, दोन ट्रंका भरून. आई म्हणाली, त्यात संपाची असतील तर वेगळी काढ, अण्णांना दाखवू.